एरंडी पेंड आणि पाच शब्दांचा दाखला

कुत्र्याला कांदाभजी घालू नका. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून मला एकवीस वर्षं झाली, आणि हे वाक्य ऐकून न हसलेला मालक मला अजून भेटायचा आहे. "काय कंपाउंडर, आम्ही खातो तेच खातोय की तो." तुम्ही तंबाखूसुद्धा खाता. तुमचं वजन पासष्ट किलो, त्याचं सहा. कांद्यानं कुत्र्याचं रक्त नासतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडतात. आज खाल्लं की आज होत नाही, तीन-चार दिवसांनी होतं, त्यामुळे मालकाला भजी आठवत नाहीत. तो म्हणतो, नजर लागली. रस्सा, भजी, लसूण घातलेली शेंगाचटणी, जे उरेल ते कुत्र्याच्या ताटलीत. प्रेमानं घालतात, हे मला मान्य आहे. प्रेमानं घातलं म्हणून कुत्र्याला कमी दुखत नाही.

आमचा दवाखाना सरकारी. तो मुळात बैल, म्हशी आणि शेरडं-मेंढरांसाठी आहे. कुत्री मधूनच येतात. डॉक्टर एक, पट्टी बांधणारा एक, शिपाई एक आणि मी. औषधं मोजून कालवणं, जनावर धरणं, नोंदवही लिहिणं आणि डॉक्टर सांगतील तो दाखला लिहून सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवणं, हे माझं काम. सरकारी नोंदवहीत 'रोगाचे नाव' असा एक रकाना आहे. कुत्र्यानं उंदराचं औषध खाल्लेलं असो, धोतऱ्याचं बोंड असो की कण्हेरीचं पान, त्या रकान्यात एकच शब्द पडतो : विषबाधा. एवढ्यानं माझं समाधान होत नसे. म्हणून मी स्वतःची दोनशे पानी वही ठेवली. खाल्लं काय, कुठे, त्रास किती तासांनी सुरू झाला, दवाखान्यात किती तासांनी आणलं, जगलं की मेलं. डॉक्टर तिला माझी पोथी म्हणत.

त्या वहीतलं एक पान सांगतो. एक निवृत्त गृहस्थ रोज महादेवाला पिवळ्या कण्हेरीची फुलं वाहायचे. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून ते अंगणातल्या दगडी कुंडीत पाण्यात टाकायचे आणि दर सोमवारी नेऊन विसर्जन करायचे. म्हणजे सहा दिवस ती फुलं पाण्यात भिजत. एप्रिल महिना, कुत्रीची वाटी कोरडी, कुंडी भरलेली. ती ते पाणी प्याली. माझ्यापुढे आणली तेव्हा मी ठोके मोजले, मिनिटाला अडतीस, आणि तेही मध्येच अडखळणारे. ती गेल्यावर मी कुंडीचं सांगितलं, तर म्हणाले, "तीर्थच की हो ते. देवाच्या पाण्यानं गेली, सुटली."

मी म्हटलं, "आजोबा, सव्वातीनला सुटली, पण त्याआधी दोन तास ओकत होती. कुंडीवर झाकण ठेवा."

"निर्माल्यावर झाकण कुणी ठेवतं होय?"

त्यांनी झाकण ठेवलं नाही. कुत्री पाळणं सोडलं.

अशा लोकांवर रागावणं मला फार सोपं जातं. वही उघडली की कुठल्याही पानावर रागवायला माणूस सापडतो. पण हा लेख लिहायला बसलो तो ज्या प्रकरणासाठी, त्यात रागवायची माणसं मोजली तर त्यांत मीही येतो, म्हणून ते इतके दिवस लिहिलं नव्हतं.

बाहत्तरच्या दुष्काळात शहरातल्या बागा वाळून गेल्या होत्या. दोन वर्षांनी विहिरींना पाणी आलं आणि बंगलेवाल्यांना गुलाबाचं वेड लागलं. सात रस्ता चौकाच्या बाजूला, आमच्या घराच्या पुढच्या रस्त्यावर, एक मोठे अधिकारी राहत. खातं लिहीत नाही. त्यांना सगळे साहेब म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांच्याकडे चौतीस गुलाब होते आणि टायगर नावाचा अल्सेशियन होता. तीन वर्षांचा, एकतीस किलोचा, माझ्याकडूनच लस टोचून घेतलेला.

साहेबांकडे भांडी घासायला सुगलाबाई यायची. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातली, घरात कानडी बोलणारी, नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. साहेबांचं घर, त्याच रस्त्यावरची आणखी दोन घरं आणि मागच्या गल्लीतलं आमचं, अशी तिची चार घरं होती. माझी बायको शाळेत शिक्षिका, सकाळची शाळा, त्यामुळे सुगलाबाईवाचून आमचा संसार हलत नसे. ती आधी आमच्याकडे यायची, मग साहेबांकडे.

भाकऱ्या थापताना शेवटी परातीत थोडं पीठ उरतं. त्याची लहान भाकरी करतात, तिला चानकी म्हणतात, आणि ती कुत्र्याची. सुगलाबाईच्या वस्तीतलं कुत्रं मेलं होतं. चानकी तर करायचीच, मग ती पदरात बांधून आणून टायगरला घालायची. साहेबांकडे त्याला रोज मटण शिजायचं. तरी तो सकाळी साडेसातला फाटकाशी येऊन बसायचा. बाईसाहेब हसायच्या, "सुगला, तुझा जावई वाट बघतोय बघ."

ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करतात आणि छाटणीनंतर खत घालतात. त्या शनिवारी सकाळी साहेबांच्या माळ्यानं प्रत्येक झाडाला दोन-दोन मुठी खत घातलं. एरंडी पेंड आणि हाडांचं पीठ, निम्मं निम्मं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. एरंडाच्या बिया घाण्यात घातल्या की तेल निघतं. ते आपण पोट साफ करायला घेतो, त्यात विष नसतं. विष मागे राहिलेल्या चोथ्यात राहतं. तो चोथा म्हणजे एरंडी पेंड. खत म्हणून उत्तम, वाळवीही लागत नाही, अकलूजकडे उसाला घालतात. पण आमच्या जिल्ह्यात पेंड म्हटलं की डोळ्यांपुढे शेंगदाण्याची पेंड येते, जी म्हशीला घालतात आणि दूध वाढतं. दोन्ही पेंडी एकाच दुकानात, एकसारख्या पोत्यांत. पेंड म्हणजे खाद्य, खाद्यानं कोण मरतं, असा सगळ्यांचा हिशेब. त्यात हाडांचं पीठ मिसळलं की कुत्र्याला दहा हातांवरून वास लागतो. तो वाफा उकरून खातो. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. सहा तास, बारा तास, कधी दिवसभर कुत्रं ठणठणीत असतं. मग ओकारी, रक्ताची हगवण, आणि त्यावर आमच्याकडे उतारा नाही. टायगरच्या आधी माझ्या वहीत एरंडी पेंडीची तीन कुत्री होती. तिन्ही मेली. तिन्ही घरी गुलाब.

रविवारी सकाळी साडेसातला टायगरनं चानकी खाल्ली. दहाला तो ओकू लागला. साडेअकराला जीपमधून दवाखान्यात. मी त्याला धरला होता तेव्हा तो पुन्हा ओकला. त्यात भाकरीचे तुकडे होते आणि काळपट भुगा होता. मी तो चिमट्यानं बशीत घेतला, पाण्यानं धुतला. एरंडाच्या बियांची ठिपक्याठिपक्यांची टरफलं, हाडाचा चुरा आणि माती. पंजाच्या नखांतसुद्धा माती. डॉक्टरांना बशी दाखवली.

"एरंडी पेंड दिसते, डॉक्टर."

"दिसते," डॉक्टर म्हणाले.

सलाईन लावली, कोळशाची पूड पाजली, डॉक्टर आणि मी मिळून पाच तास त्याच्यापाशी होतो. सोमवारी संध्याकाळी पाचला टायगर गेला.

मंगळवारी सकाळी साहेब स्वतः आले. डोळे सुजलेले होते, ते मी खोटं लिहिणार नाही. म्हणाले, "डॉक्टर, मला लेखी पाहिजे. त्या भांडेवालीनं भाकरीतनं घातलंय. भाकरी खाल्ली आणि अडीच तासांत ओकला. घरफोडीवाल्यांचं काम असतं हे, आधी कुत्रं मारतात. मी चौकीत देणार आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं, ती अजून टेबलावर झाकून ठेवलेली होती. डॉक्टर म्हणाले, "लिहा. सदर कुत्रा विषबाधेने मृत्यू पावला."

मी लिहिलं. पाच शब्द. माझं अक्षर वळणदार आहे. डॉक्टरांनी सही केली, मी शिक्का मारला, साहेब घेऊन गेले.

ते गेल्यावर मी म्हटलं, "बागेतील खतातून, एवढे दोन शब्द घालायला हवे होते."

"त्यांच्या कुत्र्याला त्यांच्याच गुलाबानं मारलं, हे त्यांच्या तोंडावर तुम्ही सांगणार का? विषानं मेलाय, विषबाधा लिहिलंय. खोटं एक अक्षर नाही."

एक अक्षर खोटं नव्हतं. मी दुपारी जेवायला घरी येऊन माझ्या वहीत सगळं नीट लिहिलं. एरंडी पेंड, बाग, शनिवार दुपार, सुमारे वीस तास, मृत्यू. लिहिलं आणि मला बरं वाटलं. याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. बाई चौकीत बसलेली आणि मी रकाने भरून समाधानी.

तिला सकाळी अकराला बोलावलं आणि चारला सोडलं. हात कुणी लावला नाही. बाकावर बसवलं, एवढंच. पण पाच तास चौकीच्या दारात बसलेली भांडेवाली साऱ्या रस्त्यानं पाहिली.

संध्याकाळी बायको म्हणाली, "सुगलाबाईला मी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय."

"का?"

"साहेबांच्या कुत्र्याला भाकरीतून विष घातलं म्हणे तिनं. मला पटत नव्हतं, पण त्या दोन्ही घरांनी बंद केलं. आपल्या घरात पोरंबाळं आहेत. आणि दवाखान्याचा दाखला आहे म्हणतात."

"दाखला मी लिहिलाय."

"मग झालं की."

मग मी तिला बशीचं सांगितलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. एवढंच म्हणाली, "अहो, मग लिहिलं का नाही?"

मी म्हटलं, डॉक्टरांशी बोलतो, वरून परवानगी घ्यावी लागेल, मी आपला कंपाउंडर. बुधवार गेला. गुरुवार गेला. डॉक्टर दौऱ्यावर बार्शीला होते. शुक्रवारी आले आणि म्हणाले, "तो विषय संपलाय." या तीन दिवसांत सुगलाबाईचं चारांपैकी एकही घर राहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला मागावरचे लोक विचारत, "काय रे, बायकू कुत्री मारती व्हय?"

शनिवारी मी सायकल काढून साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेब व्हरांड्यात होते. मी म्हटलं, वाफे बघू द्या. चौतीसपैकी सहा आळी उकरलेली होती, मातीत पंजांचे ओरखडे तसेच. माळ्यानं अजून सारखी केली नव्हती. मी एका आळ्यातला भुगा रुमालावर घेतला आणि टरफलं दाखवली.

"कंपाउंडर, पेंड आहे ती," साहेब म्हणाले. "म्हशी खातात."

"म्हशी खातात ती शेंगदाण्याची. ही एरंडाची. हिनं म्हैससुद्धा मरेल."

"मग भाकरी खाल्ल्यावरच कसा ओकला?"

"पोटात आग पडली होती, त्यात काहीही पडलं असतं तर ओकला असता. तुमच्या घरचं मटण आधी पडलं असतं तर तुम्ही बाईसाहेबांना चौकीत नेलं असतं काय?"

असं मी कुठल्याच अधिकाऱ्याशी कधी बोललो नव्हतो. साहेब लाल झाले. बाईसाहेब दारात उभ्या होत्या, त्या एकदम म्हणाल्या, "शनिवारी दुपारी त्याचं तोंड मातीनं भरलं होतं. मीच पुसलं." साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आत निघून गेले. क्षमा नाही, बरं नाही, काही नाही. माणसाला कुत्र्याचं दुःख झालेलं असतं, हे मी समजू शकतो. पण त्या दुःखाला बसायला गरिबाचीच पाठ लागते, हे मला समजून घ्यायचं नाही.

तिथून चौकीत. हवालदार जुना माणूस, गावाकडचा. मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं, आधीच्या तीन कुत्र्यांसकट. त्यानं शांतपणे ऐकलं.

"कंपाउंडरसायेब, ही वही मंगळवारी कुटं हुती?"

"घरी होती."

"मंग."

मी म्हटलं, माझा जबाब लिहून घ्या आणि बाईवरचा आळ मिटवा. तो म्हणाला, "मिटवायचं काय? गुन्हा नोंदलाच न्हाय आमी. नुसती चौकशी केली. कागूदच न्हाय, तर फाडू काय?"

आळ घ्यायला सही-शिक्क्याचा कागद होता, तो माझ्या हातचा. आळ गेला म्हणायला जगात कुठे कागद नव्हता. म्हणून मी तो लिहिला. पांढऱ्या कागदावर, स्वतःच्या नावानं, दवाखान्याचा शिक्का न लावता. कुत्र्यानं काय खाल्लं, कधी, मी काय पाहिलं, आणि हे मी दाखल्यात लिहिलं नाही, हेही. रविवारी बायको आणि मी तो कागद घेऊन त्या दोन घरी गेलो आणि दारात उभं राहून वाचून दाखवला. एका ठिकाणी चहा विचारला. दुसरीकडे घरच्या ताई म्हणाल्या, "आम्हाला कुठं खरं वाटलं होतं? पण आपलं बरं असतं, जरा जपून." डॉक्टरांना कळलं तेव्हा ते माझ्याशी आठ महिने कामापुरतं बोलले.

तीन आठवड्यांनी बाईसाहेबांनी सुगलाबाईला बोलावणं पाठवलं. नवी बाई कप फोडत होती म्हणून, असं लोक म्हणतात. मला वाटतं त्यांना ते मातीचं तोंड आठवत असावं. काही का असेना, ती गेली. साहेबांकडे गेली म्हटल्यावर ती दोन घरंही उघडली. लोक मला म्हणतात, शेवटी सगळं नीट झालं की. चारांतली तीन घरं म्हणजे सगळं नव्हे.

चौथं घर आमचं. बायकोनं दोनदा निरोप पाठवला, ती आली नाही. मग आम्ही दोघं तिच्या वस्तीवर गेलो. ती दारात धान्य निवडत होती. उठली, चटई टाकली, पाणी दिलं. माझ्या बायकोला म्हणाली, "बसा की बाई. पाय दुखलं असतील चालून." नेहमीसारखीच बोलली. बायकोनं क्षमा मागितली. म्हणाली, "आमचं चुकलं, सुगलाबाई. उद्यापासून ये."

ती सूप हलवत राहिली. "न्हाय बाई, तुमच्याकडं न्हाय यायची."

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी म्हटलं, "साहेबांनी तुला चौकीत बसवलं, त्यांच्याकडे जातेस. मी साहेबांशी भांडलो, चौकीत गेलो, कागद घेऊन दारोदार फिरलो. आमच्यावरच राग का?"

"राग न्हाय, अण्णा. तुमी लई केलं. सायबाला म्हाईत नव्हतं. तो कुत्र्यापायी येडा झाल्ता, त्याला वाटलं म्या मारलं. त्या दोन घरास्नी बी म्हाईत नव्हतं." तिनं सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "तुमाला मंगळवारी म्हाईत हुतं. बुधवारी सकाळी मी तुमच्या दाराम्होरनं गेले, तवा तुमी वट्यावर दात घासत हुतासा. बघून आत गेलासा."

ती गेल्याचं मला आठवत नव्हतं. ती खोटं बोलत नाही, एवढं माहीत होतं. आम्ही चहा पिऊन परत आलो.

बायको म्हणाली, दुसरी बाई बघू. मी नको म्हटलं. आमच्याकडची भांडी तेव्हापासून मी घासतो. सकाळी सहाला मोरीत बसतो, पावणेसातला उठतो. शेजारचे सुरुवातीला हसायचे, आता हसत नाहीत. घड्याळ लावून पाहिलं आहे, पंचेचाळीस मिनिटांच्या खाली कधी आलो नाही. ती पंचवीस मिनिटांत उरकायची.